मोझेलच्या वाइनरीत पहिल्यांदा जाताय? बेळगावातून निघायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्या टिळकवाडीत हल्ली गल्लीगणिक एखादं तरी घर असं आहे की ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी जर्मनीत आहे. मे महिना आला की आई-वडील तिकडं जातात आणि मुलं हौसेनं एखाद्या शनिवारी त्यांना वाइनरी दाखवायला नेतात. तिथं गेल्यावर काय होतंय, तर मुलं टेस्टिंग करतात आणि आई-वडील फोटो काढून बाकावर बसून राहतात, कारण काय विचारायचं, कसं चाखायचं, सोबत काय खायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतंय. माझी लेक कोब्लेन्झला असते, आम्ही दोघं तिच्याकडं तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळेला मोझेल नदीकाठच्या एकाच छोट्या घरगुती वाइनरीत गेलो. आमचे हे माळकरी, थेंबभर पण घेत नाहीत, तरी सगळ्यात जास्त रमले ते हेच, ते कसं ते पुढं सांगते. आता दोन-तीन मैत्रिणी निघायच्या तयारीत आहेत आणि रोज फोन करून विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातंय. थंड हवेतल्या द्राक्षात आंबटपणा टिकून राहतोय. आपल्याकडं अथणी, तिकोटा, विजापूर भागात द्राक्ष फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भराभर पिकतंय, साखर चढते आणि आंबट उतरतंय, म्हणून तर आपला बेदाणा एवढा गोड. मोझेल आहे साधारण ५० अक्षांशावर, बेळगाव १६ च्या पण आत. तिकडं द्राक्ष तयार व्हायला सप्टेंबरचा शेवट नाहीतर ऑक्टोबर उजाडतो, रात्री गार, पिकणं सावकाश, त्यामुळं साखर हळूहळू भरते आणि आंबट जागेवर राहतंय. मुळात साखर कमी, त्यात सगळी साखर आंबायच्या आधीच आंबणं थांबवतात, म्हणून थोडी गोडी उरते आणि दारूचा अंश कमी राहतो. तिथली काबिनेट नावाची हलकी गोडसर वाइन साधारण ८-९ टक्क्यांवर थांबते, जिथं आपल्या नाशिककडच्या बऱ्याच वाइन १२-१३ टक्क्यांच्या असतात. चव कशी म्हणाल तर कैरीचं पन्हं आठवा. गोड आहे, आंबट आहे आणि दोन्ही एकमेकांना धरून आहेत. पन्ह्यातलं आंबट काढलं तर उरतंय काय, साखरपाणी. मोझेलच्या रीझलिंगचं, म्हणजे तिथल्या मुख्य पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनचं, पण तसंच आहे, तिथं सगळा खेळ आंबटाचा, आणि आंबट ओळखायला आमटी-सोलकढीवर वाढलेल्या आपल्या जिभेला कोणी शिकवायला लागत नाही. म्हणून आपल्याला वाइनमधलं काय कळतंय असं म्हणत मागं बसू नका.

आता तयारी. निघायच्या आठवडाभर आधी घरीच नाक आणि जीभ जरा सरावाला लावा. स्वयंपाकघरात ओट्यावर वाट्या मांडा, एकीत लिंबाची किसलेली साल, एकीत हिरवं सफरचंद, एकीत कैरीची फोड, एकीत मध, आणि एकीत पाटीचा तुकडा पाण्यात भिजवून. हो, शाळेतली पाटी, कारण मोझेलच्या उतारांवर जमीन म्हणून जे काही आहे ते बहुतेक पाटीचाच दगड आहे, निळसर काळा, आणि युर्त्सिग गावाकडं तांबडा. हे दगड दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलीला ऊब देतात, नाहीतर एवढ्या थंडीत द्राक्ष पिकलंच नसतं. तर डोळे मिटून एकेक वाटी हुंगायची आणि नाव घ्यायचं. मग आमसुलाचं पाणी तीन पेल्यात घ्या, एकात साखर नाही, एकात चमचाभर, एकात तीन चमचे. एकेक घोट घ्या आणि बघा की जबड्याखाली लाळ कधी सुटते. तिसऱ्या पेल्यात साखर जास्त असूनही लाळ सुटतेच, कारण साखर आंबट झाकते, घालवत नाही. वाइनरीतल्या टेबलावर मला सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला.

जायचं कधी, तर मे-जून नाहीतर सप्टेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे. तोडणीच्या दिवसात घरची सगळी माणसं मळ्यात असतात, बोलायला कोणाला सवड नसते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच ठिकाणी बंदच. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेर्नकास्टेलला मोठा वाइन उत्सव असतो, गर्दी आपल्या यात्रेसारखी, बघायला छान पण शांतपणे चाखायला नाही. छोट्या वाइनरीला आधी दोन ओळींची ईमेल टाका, किती जण, कधी येणार, किती वाइन चाखायच्या आहेत, कोण शाकाहारी आहे आणि कोण पीत नाही. न कळवता दारात जाऊन उभं राहू नका, ते लोकांचं राहतं घर असतंय. टेस्टिंगला पैसे आहेत का ते पण त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, काही ठिकाणी माणशी घेतात, काही ठिकाणी बाटल्या घेतल्या की सोडून देतात.

गाडी नेऊ नका. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा हजारी ०.५ आहे, पण मर्यादा बघत कोण किती प्यायलं मोजत बसण्यात दिवस जातो. कोब्लेन्झहून ट्रिअरला जाणारी रेल्वे कोखेमपर्यंत नदीच्या काठाकाठानं जाते, खिडकी सोडवत नाही, मग ४ किलोमीटरच्या वर लांब बोगदा लागतो, तो १८७९ पासून आहे. पुढं बुलाय स्टेशनला उतरून छोट्या गाडीनं ट्राबेन-ट्रारबाखला जाता येतंय. बेर्नकास्टेलला रेल्वे नाही, बस आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा.

त्या दिवशी सकाळी अत्तर, सेंट, सुवासिक तेल काही लावू नका, आणि गजरा पण नको. मी पहिल्या वेळेला लेकीनं कुठून तरी मिळवलेला गजरा माळून गेले होते, सगळ्या ग्लासांत मला मोगराच येत राहिला, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्यांनाही येत असणार, म्हणून मग तो काढून पर्समध्ये ठेवला. तंबाखू, पान, पुदिन्याच्या गोळ्या, कडक कॉफी हे पण तासभर आधीपासून बंद. पोट मात्र रिकामं नको, दोन पोळ्या खाऊन निघा. पायात बूट घाला, चपला नको, उतार बघायला जायचं असतंय.

उताराचं सांगते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा उतार जवळजवळ ६५ अंशांचा आहे, युरोपातल्या सगळ्यात चढाच्या द्राक्षमळ्यांत धरतात त्याला. तिथं ट्रॅक्टर चालत नाही, एका रुळावरची इवलीशी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते, बाकी सगळं हातानं. आम्ही गेलो ती वाइनरी एवढी चढावर नव्हती तरी माझे गुडघे बोलायला लागले, मी मध्येच कट्ट्यावर बसले. हे मात्र वर पोचले. ह्यांच्या घरची अथणीकडं द्राक्षबाग होती, लहानपणापासून मांडवाखाली वाढलेला माणूस. वर मालकीणबाई होत्या, साठीच्या आसपासच्या, कमरेला छाटणीची कात्री. ह्यांनी लेकीकरवी विचारलं, वर्षातनं छाटण्या किती? बाईंनी एक बोट दाखवलं. ह्यांनी दोन बोटं दाखवली. बाईंना वाटलं ह्यांना समजलं नाही, त्यांनी परत एक बोट दाखवलं, ह्यांनी परत दोन. मग लेकीनं समजावलं, की आमच्याकडं एप्रिलला खरड छाटणी असते आणि ऑक्टोबरला फळासाठीची छाटणी. बाईंनी विचारलं, मग तुमची वेल झोपते कधी? हे म्हणाले, आमच्याकडं थंडीच नाही, वेल झोपतच नाही, आम्ही कात्रीनंच तिला झोपवतो आणि कात्रीनंच उठवतो. लेकीनं ते जर्मनमध्ये सांगितलं तशा बाई खांबाला टेकून थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या, मग ह्यांचा हात धरून एका जुन्या वेलीपाशी घेऊन गेल्या, तिथं एकाच खुंट्याला वेल कशी बांधतात आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात कशा आणतात ते करून दाखवलं. मांडव नाही, तारा नाहीत, एक वेल एक खुंटा. हे परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पाटीच्या दगडाची धूळ लागलेली होती आणि ती त्यांनी झटकली पण नाही.

म्हणून जे पीत नाहीत त्यांनी मागं राहू नये. ट्राउबेनझाफ्ट मागा, म्हणजे द्राक्षाचा रस, तो बहुतेक सगळीकडं त्यांच्याच द्राक्षाचा असतो आणि त्यात पण ते आंबट-गोड सापडतंय. मळा बघा, तळघर बघा. ट्रिअर हे कार्ल मार्क्सचं गाव, आणि मोझेलच्या द्राक्ष शेतकऱ्यांचे हाल त्यानं १८४३ साली वर्तमानपत्रात मांडले होते. ह्यांना मी ते सांगितलं तर म्हणाले, भाव पडल्यावर काय होतंय ते मला वाचायला लागत नाही.

आता टेबलावर बसल्यावर. यादी हातात येते, ती घाबरवते, पण तीन-चार शब्द कळले की पुरे. ट्रोकन म्हणजे कोरडी, गोडी जवळजवळ नाही, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. हाल्बट्रोकन म्हणजे १८ ग्रॅमपर्यंत. फाइनहेर्ब म्हणजे साधारण त्याच्या आसपासची किंवा जरा जास्त गोड, त्याला कायद्याचा आकडा नाही, म्हणून विचारून घ्यायचं. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ हे द्राक्ष किती पिकल्यावर तोडलं त्याचे टप्पे, ह्याच क्रमानं वाढत जातात, त्याच्या पुढं बेरेनआउसलेझ म्हणजे एकेक मणी निवडून केलेली. आणि आइसवाइन म्हणजे उणे ७ अंश किंवा त्याखाली वेलीवरच गोठलेल्या द्राक्षाची, पहाटे अंधारात तोडून. बऱ्याच वाइनऱ्या आपल्या यादीत प्रत्येक वाइनपुढं साखर किती ग्रॅम आणि आंबट किती ग्रॅम हे छापतात. ते दोन आकडे बघायची सवय लावा. माझ्या वहीत पहिल्या वेळेच्या काबिनेटपुढं लिहिलंय साखर ४२, आंबट ८.५. वाचताना वाटलं की ४२ ग्रॅम म्हणजे पाकच असणार, तोंडात घेतल्यावर पाक नव्हता, पन्हं होतं. आकड्यांचं असं आहे, एकटा साखरेचा आकडा काही सांगत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

चाखायचा क्रम कोरडीकडून गोडीकडं, हलकीकडून भारीकडं. बहुतेक वाइनरीवाले त्याच क्रमानं आणतात. पाच-सहाच्या वर घेऊ नका, पहिल्या वेळेला चारच बऱ्या. ग्लास दांडीला धरा, पोटाला धरला तर हाताच्या ऊबेनं वाइन गरम होते. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून हुंगा. छोटा घोट, तोंडभर फिरवायचा, आणि मग थुंकायचा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतंय आणि त्यात काही वाईट नाही, उलट तुम्ही नीट चाखायला आलाय असं त्यांना समजतंय. आपल्या बायकांना चारचौघात थुंकायला फार अवघड जातंय, मलाही गेलं, पण सहा वाइन गिळल्या तर चौथीपासून काहीच कळत नाही. थुंकल्यावर मान जरा खाली करून थांबा आणि लाळ बघा, आमसुलाच्या पाण्यासारखी. मधेमधे पाणी आणि साधा ब्रेड. पाणी मागताना श्टिलेस वासर म्हणा, नाहीतर सोडा येतो, आणि पाण्याचे पैसे पण लागू शकतात.

एखाद्या जुन्या रीझलिंगला चक्क पेट्रोलचा नाहीतर रॉकेलचा वास येईल. बाटली खराब नाही. रीझलिंग मुरली की त्यात तसा वास तयार होतो, आणि जाणकार तो शोधत फिरतात. मला पहिल्यांदा आवडला नव्हता, तिसऱ्या वेळेला मी मागून घेतली.

खाण्याचं मी सविस्तर सांगणार आहे कारण आपल्या माणसांची खरी अडचण तिथं होते. गावात घरांबाहेर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसली की ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच्याच घरी उघडलेली खानावळ, जिथं स्वतःचीच वाइन आणि साधं घरगुती खाणं मिळतंय. वर्षातले चारच महिने चालवता येते आणि ४० च्या वर खुर्च्या ठेवता येत नाहीत असा नियम आहे. हॉटेलात जाण्यापेक्षा इथं जा. शाकाहारी असाल तर ओने श्पेक हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कापट्या नकोत. फ्लामकूखन म्हणून पातळ भाकरीसारखं कुरकुरीत काहीतरी मिळतंय, वर आंबट साय आणि कांदा, त्यात त्या कापट्या हमखास असतात. कांद्याच्या केकमध्ये, त्स्वीबेलकूखनमध्ये, पण असतात. हा केक आणि अर्धवट आंबलेली गढूळ फेडरवाइसर ही शरद ऋतूतली जोडी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मिळते. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतंय कारण ती आतून अजून आंबत असते, आडवी ठेवू नका. कडक शाकाहाऱ्यांनी आणखी एक विचारावं, वाइन व्हीगन आहे का. वाइन निवळायला काही ठिकाणी जिलेटिन, माशापासूनचा पदार्थ किंवा अंड्याचा पांढरा वापरतात, सगळेच वापरतात असं नाही, विचारलं की सरळ सांगतात.

कशासोबत काय, ह्यात माझ्या जिभेला पटलेलं सांगते. बटाट्याचे किसून तळलेले थालीपिठासारखे पदार्थ मिळतात, सोबत सफरचंदाचा गर, त्याबरोबर काबिनेट. तळलेल्यातलं तेल आंबट कापून काढतंय, आपण भज्यावर लिंबू पिळतो तसं. बकरीच्या दुधाचं चीज असेल तर ट्रोकन. मासे खात असाल तर नदीचा ट्राउट आणि ट्रोकन. निळ्या बुरशीचं चीज वासाला उग्र असतंय, पण त्याच्या कणाबरोबर आउसलेझचा घोट घेऊन बघा, खारट आणि गोड एकत्र, मी नाक धरून घेतलं होतं आणि नंतर आणखी एक तुकडा मागितला.

आपलं खाणं बाहेरून वाइनरीत नेऊ नका, बाटल्या विकत घ्या आणि संध्याकाळी मुलांच्या घरी आपला डबा उघडा. पण एक लक्षात ठेवा, भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा कुंदा बॅगेत भरू नका. भडंग, शेंगाची चटणी, चिवडा न्या. आम्ही कुंदा तिथंच केला, लेकीच्या छोट्या शेगडीवर, तिथल्या घट्ट दुधाचा, अडीच तास ढवळून. आणि मी हौसेनं कुंद्याचा घास खाऊन वर काबिनेट घेतली. लिंबूपाण्यात साखर टाकायची राहिली अशी लागली. वाइन तीच, दुपारी पन्ह्यासारखी लागलेली. चूक माझ्या क्रमाची होती. गोड खाऊन वर घ्यायची वाइन त्या पदार्थापेक्षा गोड पाहिजे, नाहीतर उरतंय ते नुसतं आंबट. आउसलेझ पण कुंद्यापुढं कमी पडली. बेरेनआउसलेझची अर्धी बाटली होती तिनंच टक्कर दिली, दोघांतही तो साखर भाजल्याचा खरपूस वास, तोंडात कुठलं कुठं संपतंय कळेना. पण बेरेनआउसलेझ महाग, रोजची गोष्ट नाही.

खरी जोडी जमली ती भडंगाची. संकेश्वरी मिरची घालून केलेलं, लसूण जास्त, शेंगदाणे कडक तळलेले. त्यावर गार फाइनहेर्ब श्पेटलेझ. तिखट लागलेल्या जिभेवर दारू आणखी आग लावते, म्हणून आपल्या जेवणावर १४ टक्क्यांची तुरट लाल वाइन घेतली तर तोंड पेटतंय. इथं दारूचा अंश कमी, गोडी थोडी, आंबट भरपूर, तिखट शांत होतंय आणि लगेच दुसरी मूठ घ्यावीशी वाटते. मूठ, घोट, मूठ, घोट असं करत लेकीनं अर्धा डबा संपवला. मटणाच्या रश्श्यावर पण जावयानं काबिनेटच घेतली. लिंबाचं लोणचं मात्र लांब ठेवा, खार आणि कडूपणा मिळून कुठलीही वाइन मरते.

विकत घेताना तुम्हाला कुठली आवडली तेच सांगा, महागातली आवडायलाच पाहिजे असं काही नाही. आम्ही काबिनेट घेतली, दहा-बारा युरोच्या आसपास होती. भारतात येताना एका माणसाला २ लिटर करमुक्त आणता येतात, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बिनघोर. मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत चालत नाही. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, मग स्वेटरमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध, चारी बाजूनं कपडे. आमची एक बाटली अशीच बेळगावपर्यंत आली. घरी आल्यावर उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, फ्रीजच्या दारात पण नको कारण तिथं सारखी हलते, आतल्या कप्प्यात आडवी ठेवा. प्यायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, बर्फागार असली की वास झोपलेला असतो. उघडल्यावर बूच लावून परत फ्रीजमध्ये ठेवली तर काबिनेट चार दिवस चांगली राहते, आमची तिसऱ्या दिवशी भडंगाबरोबर संपली.